मल्टिपल स्क्लेरोसिसमधील छातीदुखी

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) झालेल्या व्यक्तीच्या छातीत उद्भवणारी वेदना, दाब किंवा आवळल्याची जाणीव आणि तिच्या कारणांचा निवाडा हा या नोंदीचा विषय आहे. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मेरुरज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेता यांमधील तंतूंच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. आवरण झिजलेल्या तंतूंमधून संदेश मंदावतात, तुटतात किंवा काही कारण नसताना आपोआप उमटतात. छातीतील वेदना अशा भलत्या संदेशातून येऊ शकते. पण हृदय, फुप्फुसे, अन्ननलिका, बरगड्या यांपैकी कशातूनही ती इतर कोणाइतकीच एमएसच्या रुग्णालाही होऊ शकते. निदानाची अडचण इथे सुरू होते, कारण एमएसचे नाव एकदा कागदोपत्री लागले की प्रत्येक नवी तक्रार त्याच आजाराच्या माथी मारण्याचा मोह रुग्णाला, घरच्यांना आणि डॉक्टरांनाही होतो.

चेतासंस्थेतून येणाऱ्या छातीदुखीचा सर्वांत परिचित प्रकार ‘एमएस हग’ (हग म्हणजे मिठी) या नावाने ओळखला जातो. छातीभोवती किंवा पोटाच्या वरच्या भागाभोवती घट्ट पट्टा आवळल्यासारखे वाटणे हे त्याचे मुख्य लक्षण. काहींना त्या जागी जळजळ, मुंग्या किंवा सुया टोचल्यासारखी कळ जाणवते, काहींना केवळ दाब जाणवतो; तो कधी पूर्ण घेरात असतो, तर कधी एकाच बाजूला. यामागे दोन वेगळ्या प्रक्रिया असू शकतात. पहिलीत मेरुरज्जूच्या छातीच्या पातळीवरील, क्वचित मानेच्या पातळीवरील, संवेदनवाहक भागात व्रण (मायलिन झिजल्याने पडलेला डाग) झालेला असतो आणि मेंदूला त्या पट्ट्यातून खोटी जाणीव मिळत राहते. दुसरीत बरगड्यांमधील लहान स्नायू खरोखरच आकसतात. वेदना काही सेकंदांत ओसरू शकते किंवा तास, दिवस, आठवडेही रेंगाळू शकते. उष्णता, ताप, जंतुसंसर्ग आणि थकवा यांनी ती वाढते. शरीराचे तापमान वाढल्यावर एमएसची लक्षणे तात्पुरती बळावण्याच्या या प्रकाराचे वर्णन जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये केले होते. क्वचित हीच वेदना एमएसचे पहिले लक्षण ठरते, आणि मग रुग्ण प्रथम हृदयरोगतज्ज्ञाकडे जातो, यात नवल नाही.

हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील अडथळ्याने होणारी वेदना बहुधा छातीच्या मध्यभागी दाब, ओझे किंवा आवळल्यासारखी असते. ती डाव्या किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत पसरू शकते आणि तिच्यासोबत धाप, घाम, मळमळ किंवा भोवळ असू शकते. श्रमाने येणारी व विश्रांतीने काही मिनिटांत जाणारी वेदना हे हृदयशूळाचे (अंजायनाचे) ठळक वैशिष्ट्य मानले जाते. एमएसमध्ये मात्र नेमकी ही खूण अनेकदा हाती लागत नाही. चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती जिने चढत नाही, त्यामुळे ‘चढताना दुखते का’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. दम लागणे आणि कमालीचा थकवा हे तिला रोजचेच असतात. हृदयाकडून येणारे वेदनासंदेश मेरुरज्जूच्या छातीच्या वरच्या पातळीवर शिरतात आणि तिथे व्रण असल्यास वेदनेचे रूप बदलण्याची किंवा तिची तीव्रता बोथट होण्याची शक्यता असते. स्त्रियांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि वृद्धांमध्ये हृदयविकाराचा झटका एरवीही अनवट लक्षणांनी येऊ शकतो, आणि एमएसच्या रुग्णांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अधिक आहे. एमएस हृदयविकारापासून कोणतेही संरक्षण देत नाही. बैठे जीवन, वाढलेले वजन आणि धूम्रपान यांची जोड असल्यास धोका उलट वाढतो.

लक्षणांच्या वर्णनावरून हग आणि हृदयशूळ यांत फरक करण्याचे प्रयत्न होतात. त्वचेवरचा स्पर्श किंवा कपड्याचे घासणे सहन न होणे, घेराच्या कडा स्पष्ट जाणवणे, तापमानाबरोबर कमीजास्त होणे, तसाच प्रसंग पूर्वी अनेकदा येऊन गेलेला असणे, या गोष्टी चेतासंस्थेकडे बोट दाखवतात. त्यांचा उपयोग आहे, पण निकाल म्हणून नव्हे. छाती दाबल्यावर दुखले तर हृदयविकाराची शक्यता कमी होते, ती संपत नाही. जिभेखाली ठेवलेल्या नायट्रोग्लिसरीनने आराम पडला म्हणून वेदना हृदयाचीच ठरत नाही, कारण अन्ननलिकेचा पेटकाही त्याने सैलावतो. आम्लनाशकाने बरे वाटणे हाही हृदय सुस्थितीत असल्याचा पुरावा नाही. एमएस हग हे निदान इतर गंभीर कारणे वगळल्यानंतरच करायचे असते, आणि आधीचे दहा प्रसंग हगचे होते म्हणून अकरावा तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे ही या रुग्णांत विशेष लक्षात ठेवण्याजोगी शक्यता आहे. हालचाल कमी झाली की पायांच्या खोल शिरांत रक्त साकळते आणि तिथून सुटलेली गुठळी फुप्फुसात पोहोचते. अचानक धाप, श्वास आत घेताना वाढणारी बोचरी कळ, वाढलेले ठोके आणि कधी थुंकीतून रक्त ही तिची चिन्हे आहेत. एका पोटरीला आलेली सूज व दुखरेपणा हा महत्त्वाचा धागा असतो. मात्र दीर्घकाळ बसून राहणाऱ्यांचे दोन्ही पाय बरेचदा सुजलेले असतात आणि पायांची संवेदना कमी असल्यास दुखरेपणा जाणवतच नाही, त्यामुळे तो निसटतो. गिळण्याच्या त्रासामुळे अन्न वा लाळ श्वासमार्गात जाऊन होणारा न्यूमोनिया हे छातीदुखीचे आणखी एक कारण. त्यातील तापामुळे एमएसची जुनी लक्षणे उफाळतात आणि आजार उलटल्याचा भास होऊन मूळ संसर्गाकडे दुर्लक्ष होते.

नागीण या व्याधीचे हगशी असलेले साम्य फसवे आहे. कांजिण्यांचा सुप्त विषाणू पुन्हा जागा झाल्यावर एका बाजूच्या बरगडीच्या पट्ट्यात जळजळ व ठणका सुरू होतो आणि पुरळ त्यानंतर काही दिवसांनी उमटते. फिंगोलिमॉड आणि क्लॅड्रिबिन यांसारख्या एमएसवरील औषधांनी तिचा धोका वाढतो. एका बाजूला नव्याने सुरू झालेल्या पट्ट्याच्या वेदनेत त्वचा रोज तपासणे योग्य, कारण विषाणुरोधक गोळ्या पुरळ उमटल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू केल्यास अधिक उपयोगी पडतात.

एमएसची औषधे स्वतःच छातीत त्रास निर्माण करू शकतात, आणि चौकशीत हा मुद्दा फार वेळा शेवटी येतो. ग्लॅटिरामरच्या इंजेक्शननंतर काही मिनिटांत चेहरा लाल होणे, छाती आवळणे, धडधड व धाप अशी प्रतिक्रिया येऊ शकते. ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत आपोआप शमते आणि कित्येक महिने इंजेक्शने घेतल्यावरही प्रथमच उद्भवू शकते. सुरुवातीला अगदी तशीच दिसणारी, पण जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जीही क्वचित होते, म्हणून लक्षणे वाढत असतील, अंगावर गांधी उठत असतील किंवा घसा सुजत असेल तर वाट पाहू नये. अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळालेल्या फिंगोलिमॉडच्या पहिल्या मात्रेने हृदयाची गती मंदावते. त्यासाठी किमान ६ तास नाडी व रक्तदाबावर देखरेख ठेवतात, आणि मागील ६ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अस्थिर हृदयशूळ किंवा पक्षाघात झालेल्यांना ते देत नाहीत. मायटोझँट्रोन हृदयाच्या स्नायूला इजा करते. त्याची आयुष्यभराची एकूण मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १४० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवली जाते. तरीही हृदय कमजोर झाल्याचे उपचार थांबल्यावर काही वर्षांनीही दिसू शकते, त्यामुळे फार पूर्वी घेतलेले औषधही सांगणे आवश्यक ठरते. ॲलेम्टुझुमॅब शिरेतून दिल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराचा झटका व पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेने धडधड, रक्तदाबवाढ आणि जठरातील जळजळ होते.

उरलेली कारणे सर्वसाधारण लोकसंख्येतील कारणांहून वेगळी नाहीत. आम्लाचा उलट प्रवाह, कुबड्या किंवा खुर्चीची चाके ढकलून छातीच्या भिंतीवर आलेला ताण, बरगड्यांच्या कूर्चेचा दाह आणि भीतीचा झटका ही त्यांतील नेहमीची. महाधमनी चिरणे व फुप्फुसाबाहेर हवा साठणे ही विरळ पण तातडीची. आजार उलटताना, विशेषतः मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या भागात) व्रण झाल्यास, हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगून कमजोर होणारा ताकोत्सुबो नावाचा विकार झाल्याचेही आढळले आहे. तो हृदयविकाराच्या झटक्यासारखाच दिसतो, म्हणजे एमएसची वेदना आणि हृदयाची वेदना ही विभागणीही दर वेळी टिकत नाही.

छातीत नव्याने, अचानक किंवा नेहमीपेक्षा वेगळी वेदना आली, ती काही मिनिटांत ओसरली नाही, अथवा तिच्यासोबत धाप, घाम, शुद्ध हरपणे वा हात-जबड्यात पसरणारी कळ असली, तर ती आणीबाणी समजून रुग्णवाहिका बोलावणे हाच नियम एमएसच्या रुग्णालाही लागू होतो. रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढणे अपेक्षित असते. पहिला ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणाऱ्या प्रथिनाची) पहिली चाचणी सामान्य असू शकते, म्हणून दोन्ही काही वेळाने पुन्हा करतात. गुठळीचा संशय असल्यास डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा घटक) चाचणी व सीटी स्कॅन करतात. दीर्घ आजारपणात डी-डायमर इतर कारणांनीही वाढलेले असते, त्यामुळे ते वाढलेले आढळले तरी गुठळी सिद्ध होत नाही. मेरुरज्जूचे एमआरआय या तातडीच्या चाचण्यांनंतर येते. त्यात जुना व्रण दिसला तरी आजची वेदना त्याचीच आहे हे आपोआप ठरत नाही.

इतर कारणे दूर झाल्यावर हगवरील उपचार त्याच्या प्रक्रियेनुसार ठरतात: चेतावेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिन, स्नायूंच्या पेटक्यांसाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन. काहींना सैल कपड्यांनी आराम पडतो, तर काहींना घट्ट पट्टा बांधून किंवा तळहाताने दाब देऊन. वेदना सौम्य असून कामात आड येत नसल्यास औषध न देणेही योग्य असते. ॲमिट्रिप्टिलीन हृदयाच्या विद्युत्‌प्रवाहावर परिणाम करते, म्हणून हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांत ते सुरू करण्यापूर्वी ईसीजी पाहिला जातो, आणि बॅक्लोफेन एकाएकी बंद केल्यास पेटके अधिक जोराने परततात, म्हणून ते हळूहळूच कमी करतात.