सोलापुरात फ्लूची लस: आजी-आजोबा आणि तान्ह्या बाळांसाठी काय करायचं?

लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यामुळे आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या ज्येष्ठांनी पाऊस सुरू होण्याआधीच फ्लूची लस घ्यावी. विषाणू रूप बदलतो, म्हणून मागच्या वर्षी घेतली असली तरी यंदा पुन्हा घ्यायची.

६५ वर्षांवरील व्यक्ती, तसंच मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आधी घ्यावी. विड्या वळण्यात किंवा यंत्रमागावर उमर गेलेल्यांना जुना खोकला असेल, तर तो अंगवळणी पडला म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देत नाहीत. त्याला संरक्षण मिळतं ते आईकडून. म्हणून गरोदर बाईने दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत लस घेणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सहा महिन्यांनंतर बाळाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक.

यासाठी वेगळा अर्ज नसतो. फ्लूची लस राष्ट्रीय मोफत वेळापत्रकात नाही, त्यामुळे बहुतेकांना ती खासगी दवाखान्यात पैसे देऊन घ्यावी लागते. गरोदर मातांनी मात्र सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आधी विचारावं. साठा आहे का, हे फोनवर विचारून निघालं तर हेलपाटा वाचतो. ज्येष्ठांनी आधार कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी. अंड्याची किंवा आधीच्या लसीची ॲलर्जी असेल तर टोचण्याआधीच सांगायचं.

बाळाच्या सरकारी लसी आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीतल्या सत्रात मोफत मिळतात. न्यूमोनियाची पीसीव्ही सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात. ती विषाणूवर नाही, जिवाणूवर आहे, पण फ्लूमागून येणारा न्यूमोनिया बऱ्याचदा त्याच जिवाणूचा असतो. गोवर-रुबेलाची नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. माता-बाल संरक्षण कार्ड, आईचं ओळखपत्र आणि मोबाईल सोबत ठेवा, यू-विनवर (सरकारच्या ऑनलाइन लसीकरण नोंदणीवर) नोंद त्याच नंबरवर होते. कार्ड हरवलं तरी डोस चुकवू नका, आशाताईंना किंवा सिस्टरना सांगितलं की जुनी नोंद शोधून देतात.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. निघण्याआधी कार्डावर लसीचं नाव, बॅच नंबर आणि पुढची तारीख लिहून घ्या.