तोंड आवळणारी जांभळं आणि जेवणानंतरची साखर

मे महिना सरत आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पानांवर मांडलेले जांभळांचे वाटे दिसू लागतात. एक जांभूळ तोंडात टाकून गर जिभेवर घोळवा. आधी गोड, मग आंबट, आणि गिळून झाल्यावर गालांच्या आतून तोंड आवळत येतं. जीभ टाळूला घासली तर खरखरीत लागते. आपल्या लाळेत तोंड बुळबुळीत ठेवणारी प्रथिनं असतात. जांभळातली टॅनिन ही तुरट द्रव्यं त्यांना चिकटतात, बारीक गुठळ्या होतात आणि तोंडातलं वंगणच जातं. तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शासारखा कळतो तो यामुळे. काजूच्या बोंडूचंही तेच, म्हणून तर आपण त्याला मीठ लावतो.

टॅनिन आणि जांभळाला रंग देणारी अँथोसायनिन ही दोन्ही पॉलिफेनॉलच्या मोठ्या कुळातली. कीड, बुरशी, कडक ऊन यांपासून बचाव म्हणून झाडं ही द्रव्यं तयार करतात. प्रथिनांना चिकटायची त्यांची खोड पोटात गेल्यावरही सुटत नाही, आणि भात पचवणारी एन्झाइम हीसुद्धा प्रथिनंच असतात.

भातातल्या पिष्टाचे तुकडे करायला लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज हे एन्झाइम लागतं. त्या तुकड्यांपासून ग्लुकोज सुटं होतं ते लहान आतड्याच्या अस्तरावर, अल्फा-ग्लुकोसिडेज नावाच्या एन्झाइममुळे. पॉलिफेनॉल या दोन्हींना चिकटून त्यांचा वेग कमी करू शकतात. साखर रक्तात पोचते, पण एकदम उसळत नाही. व्होग्लिबोज ही मधुमेहाची गोळी अल्फा-ग्लुकोसिडेजला रोखून हेच काम करते, म्हणून ती जेवणाच्या सुरुवातीला घ्यायची असते. भात पुढे निघून गेल्यावर तिचा उपयोग नाही. फळालाही हाच नियम लागू आहे. दुपारी एकला जेवून चार वाजता जांभळं खाल्ली, तर दुपारच्या भातावर त्यांचा काही जोर चालत नाही.

गोव्यात हे जाणून घेणं फार गरजेचं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं दिसलं. गोव्याचा आकडा होता 26.4 टक्के, देशात सर्वांत जास्त. म्हणजे चारांमागे एकाहून अधिक.

प्रयोग काय सांगतात? फिनलंडमध्ये 2010 साली 12 निरोगी माणसांना 35 ग्रॅम साखर दिली, एकदा नुसती आणि एकदा चार प्रकारच्या बेरींच्या गरात मिसळून. गरासोबत पहिल्या अर्ध्या तासात रक्तातली साखर कमी चढली आणि तिचा कळस उशिरा आला. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्क किंवा कॅप्सूल नव्हती, अख्ख्या फळाचा गर होता.

जांभळाच्या नावाने मात्र बरंच काही खपतं. माझ्या वडिलांना मधुमेह निघाला तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने बियांच्या पुडीच्या तीन बरण्या आणून दिल्या. वडिलांनी पूड घेतली, पण गोळ्या सोडल्या नाहीत, याचं मला आजही समाधान आहे. ब्राझीलमध्ये जांभळीच्या पानांचा चहा मधुमेहावर घरोघरी पितात. तिथल्या डॉक्टरांनी तो रुग्णांना देऊन, मधुमेहाच्या गोळीशी ताडून नीट तपासला. 2004 साली निकाल आला: गोळीने साखर उतरली, चहाने नाही. परीक्षानळीत एन्झाइमला रोखणारं द्रव्य पोटात अन्नातल्या इतर प्रथिनांनाही चिकटतं, पातळ होतं, आणि त्याचा जोर ओसरतो.

रसाची गोष्ट वेगळीच. अमेरिकेतल्या 1,87,000हून अधिक लोकांच्या दीर्घ नोंदींवरून 2013 साली दिसलं, की ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद अख्खी खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळतो आणि फळांचे रस पिणाऱ्यांत थोडा जास्त. अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण साखरेच्या पाकातल्या कोकम सरबताला औषध समजून ग्लासावर ग्लास पिणाऱ्यांनी एवढं ऐकावंच.

आता आंबटपणाकडे येऊ. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2021 साली निरोगी माणसांना पावाबरोबर कधी पाणी, कधी काळा चहा, कधी लिंबाचा रस दिला. चहात पॉलिफेनॉल भरपूर, तरी साखरेत फरक पडला नाही. लिंबाच्या रसाने मात्र साखरेचा कळस 30 टक्क्यांनी खाली आला आणि अर्ध्या तासाहून अधिक उशिरा आला. लाळेतलं अमायलेज घासासोबत पोटात जाऊनही काही वेळ काम करत राहतं, आंबटाने ते लवकर बंद पडतं.

भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सोलात अँथोसायनिन आहेत आणि आम्लही भरपूर आहे. आमच्याकडे फुटी कढी करतात ती आगळ (कोकमाचा खारवलेला घट्ट रस), हिंग, हिरवी मिरची, मीठ आणि पाण्याची. तिच्यात साखर घालत नाहीत, आणि ती उकड्या तांदळाच्या भाताबरोबर, घासाघासाला ओरपायची असते.