झेन ध्यानात विचार थांबवायचे नसतात

‘झेन म्हणजे डोळे मिटून डोकं रिकामं करायचं, की ताण गेलाच’ हा या बौद्ध ध्यानपरंपरेबद्दलचा समज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामुळेच बरेच जण दोन दिवस बसून ‘मला नाही बुवा जमत’ म्हणत सोडून देतात.

मुळात डोळे मिटायचेच नसतात. जपानमध्ये झेनची सोतो ही शाखा रुजवणाऱ्या दोगेन या भिक्षूनं (१२००–१२५३) बैठकीच्या सूचना लिहून ठेवल्यात, त्यात डोळे उघडे ठेवा असं स्पष्ट आहे. प्रत्यक्षात ते अर्धवट उघडे, नजर खाली. सोतो परंपरेत तर तोंड भिंतीकडे! डावा तळहात उजव्यावर, अंगठ्यांची टोकं हलकेच टेकलेली. डुलकी लागली की अंगठे सुटतात, ताणून बसलात की एकमेकांना दाबून वर उचलले जातात. मनाचं काय चाललंय ते हातावरच दिसतं.

आणि विचार? ते येणारच. नवख्यांना श्वास एक ते दहा मोजायला सांगतात. तिसऱ्यालाच साहेबांचा मेसेज आठवला, तर चडफडायचं नाही, पुन्हा एकपासून. हे भरकटणं आणि परतणं हाच सराव. रोजच्या ताणात उपयोग होतो तो याचाच: राग आलाय हे उत्तर टाइप करण्याआधी लक्षात येतं. साहेब मात्र तसेच राहतात.

शिवाय झेन मठांत हे तणावमुक्तीचं तंत्र म्हणून शिकवतच नाहीत, ती धर्मसाधना आहे. झोप उडवणारी चिंता किंवा नैराश्य असेल तर आधी डॉक्टरांकडे जा, बैठक नंतर.