सुशेगाद, उच्छ्वास आणि हृदयाचा लगाम

गोमंतकीयाची थट्टा करायची झाली, की बाहेरचा माणूस हमखास ‘सुशेगाद’ हा शब्द वापरतो. शांत, निवांत अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून तो आला. आळसाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. हा डाग नको म्हणून की काय, पणजीच्या पाटो भागातील कार्यालयांत मार्चअखेरीचे हिशेब जुळवताना छातीत धडधडत असूनही जागेवरून न उठणे हीच कार्यनिष्ठा समजली जाते. शरीरशास्त्राचा कौल या निष्ठेच्या बाजूने नाही.

वरिष्ठांचा खोचक ईमेल वाचताच मेंदूतील अमिग्डाला धोक्याची सूचना देतो, शरीराला लढण्या-पळण्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जागी होते आणि अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते, हे शाळेत शिकवतात. मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेचा, म्हणजे मज्जातंतूचा, उल्लेख मात्र तेथे ओझरता असतो, आणि मला तर तीच सर्वांत विलक्षण वाटते.

हृदयाचे ठोके ठरवणारा सायनस नोड हा पेशींचा पुंजका मोकळा सोडला, तर मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. विश्रांतीच्या वेळी नाडी ७०च्या आसपास राहते, कारण व्हेगस चेता सतत लगाम ओढून धरते. हा लगाम रासायनिक आहे, हे औषधशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस चेता उद्दीपित करून त्यातील द्रव त्यांनी दुसऱ्या हृदयावर सोडला, तेव्हा तेही मंदावले. १९३६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तो पदार्थ म्हणजे असेटिलकोलिन. त्याच्यामुळे सायनस नोडच्या पेशींतील पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, धनभारित आयन बाहेर पडतात, पेशीचा आतला भाग अधिक ऋणभारित होतो आणि पुढच्या ठोक्याच्या विद्युत-उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यास तिला जास्त वेळ लागतो. एक विकर (एन्झाइम) असेटिलकोलिनचे तत्काळ विघटन करत असल्यामुळे हा लगाम जवळजवळ ठोक्यागणिक ओढता-सोडता येतो.

श्वास घेताना मेंदूतील श्वसनकेंद्र व्हेगसच्या चेतापेशींना दाबून धरते व सोडताना मोकळे करते. मनगटावर बोट ठेवल्यास, विशेषतः तरुणांना, नाडी श्वासाबरोबर किंचित वेगावताना आणि उच्छ्वासाबरोबर मंदावताना जाणवते. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेऊन उच्छ्वास लांबवण्याचा ताणावरचा उपाय यावरच बेतलेला आहे.

दीर्घ श्वासाने रक्तात भरपूर प्राणवायू भरला जातो, ही समजूत मात्र चुकीची आहे. निरोगी माणसाचे धमनीतील रक्त मुळातच प्राणवायूने ९५ टक्क्यांहून अधिक संपृक्त असते. उलट घाईघाईने खोल श्वास घेतल्यास कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते. ‘व्हेगस जागृत करणारे’ म्हणून विकले जाणारे खडे आणि कडी यांची गणना मी मंतरलेल्या ताइतांतच करतो.

कामातून उठून घेतलेल्या दोन मिनिटांच्या विरामाने सारा ताण धुऊन निघतो, असेही नाही. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी ताण सुरू झाल्यानंतर वीस-तीस मिनिटांनी शिगेला पोहोचते आणि सावकाश उतरते. विरामात नवा इशारा मिळत नाही, इतकाच त्याचा लाभ. म्हणून त्या वेळात मोबाइलवर बातम्या चाळणे फोल ठरते आणि गॅलरीत उभे राहून मांडवीवरची फेरीबोट पाहणे उपयोगी पडते. मात्र दोघांचे काम एकावर लादलेले असेल, तर उच्छ्वास कितीही लांबवला तरी ते एकाचे होत नाही, आणि आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर गॅलरीऐवजी बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग गाठावा.