पिल्लाला दूध-पोळी पुरत नाही

"पिल्लू आहे ना, दूध-पोळी कुस्करून घाला, मस्त वाढेल." कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं आणि स्निग्धांश असतो, दुग्धशर्करा मात्र कमी. त्यात आईचं दूध तुटलं की ही साखर पचवण्याची पिल्लाची ताकद घटत जाते. वाटीभर दूध प्यायल्यावर पातळ, आंबूस वासाची शी होते, ती बऱ्याचदा यामुळेच. मग जंताचं औषध दिलं जातं आणि दूध चालूच राहतं! पोळीनं पोट भरतं, पण वाढीला लागणारी प्रथिनं तेवढ्यानं मिळत नाहीत.

यावर कॅल्शियमचं टॉनिक सुरू करणं ही त्याहून धोक्याची चूक. लहान पिल्लाचं आतडं जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींत त्यानं हाडं-सांधे बिघडू शकतात.

तयार खाणं घेताना पाकिटावरचं चित्र सोडा, मागचा मजकूर वाचा. वाढत्या पिल्लांसाठी 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे संपूर्ण आणि संतुलित आहार, असं लिहिलेलं हवं. पाण्याचा अंश वगळून प्रथिनं किमान २२.५ टक्के. घरचंच द्यायचं तर प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्या, कारण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम फार कमी पडतं. कांदा-लसणाचा रस्सा अजिबात नको.

डोळेही न उघडलेलं पिल्लू सापडलं, तर पिल्लांसाठीची खास दूध पावडर मिळते, ती पशुवैद्याला विचारून आणा.