इस्तिक्लाल रस्ता: पादचाऱ्यांच्या वाटेमागचा इतिहास

इस्तंबूलच्या तक्सीम चौकापासून त्युनेलपर्यंत जाणाऱ्या, जेमतेम दीड किलोमीटर लांबीच्या इस्तिक्लाल रस्त्यावर १३ नोव्हेंबर २०२२ रोजी बॉम्बस्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्याआधी १९ मार्च २०१६ रोजी तेथेच झालेल्या आत्मघाती हल्ल्यात चार परदेशी पर्यटकांचा बळी गेला होता. या रस्त्याची वस्ती आणि मालकी पालटली ती मात्र १९५५ सालच्या एका रात्रीमुळे.

ऑटोमन काळात याचे नाव ‘जाद्दे-इ केबीर’, म्हणजे मोठा रस्ता, असे होते. यातला ‘केबीर’ म्हणजे आपल्या परिचयाचा ‘कबीर’ हाच अरबी शब्द. १८७० च्या भीषण आगीत पेरा हा परिसर जळाल्यावर येथे दगडी इमारती उठल्या आणि ग्रीक, आर्मेनियन, ज्यू व युरोपीय व्यापाऱ्यांची दुकाने थाटली गेली. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर रस्त्याला ‘इस्तिक्लाल’, म्हणजे स्वातंत्र्य, हे नाव मिळाले. ग्रीस व तुर्कस्तान यांच्यात झालेल्या १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीतून इस्तंबूलचे ग्रीक वगळले गेले होते, त्यामुळे दुकानांवरच्या पाट्या फारशा बदलल्या नाहीत. १९४२ चा संपत्ती कर मात्र मुख्यतः बिगर-मुस्लिमांच्या मानेवर बसला आणि तो भरू न शकलेल्यांना पूर्व तुर्कस्तानातील आश्काले येथील श्रमछावणीत धाडण्यात आले.

ग्रीसमधील थेसालोनिकी येथे तुर्की प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या जन्मघराच्या आवारात स्फोट झाल्याची बातमी ६ सप्टेंबर १९५५ रोजी एका वृत्तपत्राच्या विशेष अंकाने पसरवली आणि तक्सीम चौकात जमलेला जमाव ग्रीकांच्या दुकानांवर हल्ला करत या रस्त्यावर उतरला. तो स्फोट तेथील तुर्की वाणिज्य दूतावासाशी संबंधित माणसांनीच घडवल्याचे पुढे उघड झाले. कापडाची ठाणे, शिवणयंत्रे, पियानो, शीतकपाटे फुटक्या काचांसह रस्त्यावर पसरली होती. शहरभरात ७३ चर्चांची नासधूस झाली. मृतांचे आकडे ११ ते ३७ असे वेगवेगळे दिले जातात, आणि आकड्यांपुरते पाहिले तर ही घटना मोठी वाटणारही नाही. पण त्यानंतर ग्रीक कुटुंबे दुकाने विकून निघून जाऊ लागली. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्यांना देशाबाहेर काढण्यात आले, तेव्हा उरलेल्यांचाही धीर सुटला. आज शहरात ग्रीक समाज दोन-तीन हजारांच्या घरात आहे.

रिकाम्या झालेल्या इमारती हळूहळू जीर्ण झाल्या. १९८० च्या दशकात शेजारचा तारलाबाशी मार्ग रुंद करण्यासाठी शेकडो जुनी घरे पाडण्यात आली. वाहतूक तिकडे वळवता आल्यामुळेच १९९० मध्ये इस्तिक्लाल केवळ पादचाऱ्यांसाठी राखता आला. त्याच वर्षअखेरीस लाल रंगाची जुनी ट्रामही तेथे पुन्हा धावू लागली. १९९५ पासून, सरकारी यंत्रणेच्या ताब्यात गेल्यावर बेपत्ता झालेल्यांच्या आया याच रस्त्यावरील गालातासराय चौकात दर शनिवारी मूकपणे बसू लागल्या. २०१८ मध्ये त्यांना तेथून हटवण्यात आले. २०२२ चा बॉम्ब एका बाकापाशी ठेवलेला होता. त्या स्फोटानंतर रस्त्यावरची बाके उचलण्यात आली.