आधी चर्च की आधी पार्टी?

माझी मावसबहीण डॅलसजवळ राहते. नवीन घरात शिफ्ट झाली त्याच आठवड्यात शेजारच्या काकू बनाना ब्रेड घेऊन आल्या आणि पाचव्या मिनिटाला त्यांचा प्रश्न, तुमचं चर्च कोणतं? आपल्याकडे आडनाव ऐकलं की लगेच गाव विचारतात ना, तसंच. काकूंच्या अंगणात ट्रम्पची पाटी. आणि हिच्या ऑफिसात एक ब्लॅक सहकारी आहे, तोही काकूंसारखाच बाप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिश्चनांचा एक पंथ), दर रविवारी चर्चच्या गायकवृंदात गातो, बायबल शब्दन् शब्द खरं मानतो, पण ट्रम्पच्या रिपब्लिकन पार्टीला आयुष्यात एकदाही मत दिलेलं नाही. बहिणीने मला फोनवर विचारलं, पुस्तक एकच, येशू एकच, मग मतं अशी उलटीपालटी कशी रे?

प्रश्न भारी आहे. आणि गंमत म्हणजे त्यावर बरंच मोजमाप झालंय.

आधी आकडा बघू. इव्हँजेलिकल म्हणजे बायबल हाच शेवटचा शब्द मानणारे आणि येशूला वैयक्तिकरीत्या स्वीकारण्यावर भर देणारे ख्रिश्चन. २०१६ च्या एक्झिट पोलमध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी ८१ टक्के लोकांनी ट्रम्पला मत दिल्याचं सांगितलं, आणि २०२४ मध्येही दहातले आठ जण तिकडेच. यावरून आपण लगेच म्हणतो, धर्म कडक म्हणून राजकारण कडक, विषय संपला. पण या आकड्यात 'गोऱ्या' हा शब्द आहे, तो सहज वाचून पुढे जाऊ नका. सर्व्हेवाले विचारतात, तुम्ही स्वतःला बॉर्न अगेन (येशूला स्वीकारून नव्याने जन्मलेला) किंवा इव्हँजेलिकल ख्रिश्चन म्हणवता का? ब्लॅक अमेरिकन लोकांमध्येही हो म्हणणारे भरपूर असतात, त्यांना तक्त्यात वेगळ्या रांगेत बसवतात. ही मंडळी चर्चला जाण्यात, प्रार्थनेत, बायबलवरच्या श्रद्धेत गोऱ्यांपेक्षा काडीभर कमी नाहीत, पण बहुतेक निवडणुकांत त्यांची प्रचंड बहुसंख्य मतं डेमोक्रॅट्सना जातात. म्हणजे औषध तेच, डोस तोच आणि परिणाम बरोबर उलटा. असं झालं की कुठलाही डॉक्टर म्हणेल की नुसतं औषध बघून चालणार नाही, पेशंटची हिस्ट्री काढा.

तर हिस्ट्री. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विल्यम जेनिंग्ज ब्रायन नावाचा कट्टर बायबलवाला नेता होता, तोच जो १९२५ मध्ये शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून झालेल्या स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभा राहिला, आणि हाच माणूस डेमोक्रॅट पार्टीचा तीनदा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, बँका आणि बड्या कंपन्यांच्या विरोधात, शेतकऱ्यांच्या बाजूने. आजच्या खाचेत तो बसतच नाही. ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणारे मार्टिन ल्यूथर किंग, तेही बाप्टिस्ट पाद्री. १९६५ मध्ये जेरी फॉलवेल हे व्हर्जिनियातले पाद्री भाषणात सांगत होते की पाद्र्याचं काम आत्मे वाचवणं, मोर्चे काढणं नव्हे, टोमणा अर्थात किंग यांना होता. याच फॉलवेल यांनी १९७९ मध्ये मॉरल मेजॉरिटी ही कॉन्झर्व्हेटिव्ह ख्रिश्चनांची राजकीय संघटना काढली आणि लाखो लोकांना राजकारणात ओढलं. गर्भपाताचं तर विचारूच नका. सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट पंथ, त्याने १९७१ मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईचं शारीरिक किंवा मानसिक आरोग्य अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने परवानगी असावी. आज हे काकूंना सांगितलं तर बनाना ब्रेड परत नेतील.

मग मधे झालं काय? काही इतिहासकार म्हणतात खरी ठिणगी गर्भपाताची नव्हतीच, वंशभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिश्चन शाळा-कॉलेजांची करसवलत सरकारने काढली तिथून चिडाचीड सुरू झाली. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीची सवलत १९७६ मध्ये गेली, केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १९८३ मध्ये कॉलेज हरलं. दुसरे इतिहासकार म्हणतात हे अर्धसत्य, शाळेतली प्रार्थना, स्त्रियांचे हक्क, गर्भपात यावरून धुसफूस आधीपासूनच होती. मला दोन्हीत तथ्य वाटतं, पण एक नक्की की बायबल त्या पंधरा वर्षांत बदललं नव्हतं. बदलल्या होत्या पार्ट्या.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला जे अमेरिकन मिशनरी आले, ज्यांच्या मिशनने पुढे 'ज्ञानोदय' काढलं, ते बहुतेक काँग्रिगेशनल चर्चचे, न्यू इंग्लंडकडचे कडक शिस्तीचे लोक. त्या चर्चचा मोठा भाग १९५७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये मिसळला, जे आज अमेरिकेतल्या सगळ्यात लिबरल चर्चपैकी एक आहे. ओबामा शिकागोत याच चर्चला जायचे.

आता मुख्य भाग, कारण इथे उलटी गंगा दिसते. १९६५ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी देशभरातल्या शाळांमधून बारावीला असलेली दीड हजाराहून जास्त मुलं निवडली आणि त्यांनाच पुन्हा १९७३, १९८२ आणि १९९७ मध्ये गाठून प्रश्न विचारले. त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं धरून ठेवणं हे महाकिचकट काम, पण फायदा असा की आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते कळतं, एकदाच केलेल्या सर्व्हेत ते कळत नाही. मिशेल मार्गोलिस या राज्यशास्त्रज्ञ बाईंनी हा जुना डेटा परत उपसला. कॉलेजच्या वयात बहुतेक सगळेच चर्चपासून लांब जातात, मग लग्न होतं, पोरं होतात आणि माणूस हळूहळू परत येतो. पण सगळे सारखे येत नाहीत. १९७३ मध्ये चर्चला सारखंच जाणारे (किंवा सारखंच न जाणारे) दोन तरुण घेतले, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, तर १९८२ पर्यंत रिपब्लिकनवाला चर्चकडे वळण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे पार्टी आधी ठरली होती, देव नंतर आला. मधल्या काळात मॉरल मेजॉरिटी आणि रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन आले होते, 'आपली पार्टी म्हणजे देवाधर्माची' हा संदेश टीव्हीवरून घराघरात पोचला होता, आणि लोकांनी स्वतःला त्या साच्यात बसवून घेतलं.

दुसऱ्या टोकालाही हेच. मायकल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की १९९० च्या दशकात 'माझा कुठलाच धर्म नाही' म्हणणारे ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर गेले, पण ही वाढ लिबरल आणि मधल्या लोकांतच झाली, कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांत नाहीच. यातले बरेच जण देव मानत होते, प्रार्थनाही करत होते, त्यांना फक्त तो बिल्ला नको होता. डेव्हिड कॅम्पबेल हे राज्यशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर प्रयोगच केला, लोकांना राजकारणी धर्माचा वापर करतायत अशा रचलेल्या बातम्या वाचायला दिल्या, तर त्या वाचून काही डेमोक्रॅट्स आपला धर्म 'काहीच नाही' असा सांगायला लागले. एक बातमी वाचून माणूस सर्व्हेतला धर्म बदलतो, मला तरी हे वाचून हसू आलं.

आणि नीतिमत्तेचं काय? एखाद्या नेत्याने खासगी आयुष्यात अनैतिक वागणं केलं तरी तो सार्वजनिक काम नीट करू शकतो का, हा प्रश्न २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकल लोकांना विचारला तेव्हा ३० टक्के हो म्हणाले. २०१६ मध्ये ७२ टक्के. धर्म न मानणाऱ्यांचा आकडा मात्र तेवढ्या काळात साठीच्या आसपासच राहिला. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या लफड्याच्या वेळी १९९८ मध्ये सदर्न बाप्टिस्टांनी नेत्यांच्या चारित्र्यावर खास ठराव केला होता हे आठवलं की मजा येते, पण फार हसू नये, आपल्या आवडत्या नेत्याबद्दल आपणही हेच करतो.

आता म्हणाल, लोक सर्व्हेत खरं सांगतात कशावरून? बरोबर शंका. १९९३ मध्ये तीन संशोधकांनी ओहायोतल्या ॲश्टाब्युला काउंटीत हे तपासलं. यादीत नसलेली चर्च शोधायला ते रस्ते पालथे घालत फिरले, हजेरीचे आकडे गोळा केले आणि जिथे हजेरीची नोंदच मिळेना तिथे रविवारी पार्किंगमध्ये लागलेल्या गाड्या मोजल्या. फोनवर लोक जेवढी हजेरी सांगत होते, प्रत्यक्षात जवळपास तिच्या निम्मीच निघाली. खोटारडेपणा म्हणू नका, 'तू चर्चला गेलास का' याचं उत्तर माणूस 'मी कसा माणूस आहे' असं देतो.

हेच इव्हँजेलिकल या शब्दाचं होत चाललंय. प्यू रिसर्च या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये विचारलेल्या लोकांनाच २०२० मध्ये परत विचारलं. ट्रम्प आवडणाऱ्या पण आधी स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणणाऱ्या गोऱ्या लोकांपैकी १६ टक्के आता तसं म्हणायला लागले होते, ट्रम्प न आवडणाऱ्यांत असं करणारे नावालाच. दुसरीकडे प्रिन्स्टन युनिव्हर्सिटीत १९३१ पासून चालत आलेली प्रिन्स्टन इव्हँजेलिकल फेलोशिप, विद्यार्थी जमून बायबल वाचतात असा साधा ग्रुप, त्यांनी २०१७ मध्ये नाव बदलून प्रिन्स्टन ख्रिश्चन फेलोशिप केलं, कारण नवीन मुलं पाटी वाचून राजकारणाची जागा समजत होती. आत बायबल पूर्वीसारखंच वाचतात.